दुरुस्तीचं खातं

आमच्या घरमालकांच्या मिशीचं उजवं टोक कायम निळं असायचं. पहिल्यांदा खोली बघायला गेलो, तेव्हा त्या टोकाकडे नजर जाऊ नये म्हणून मी सारखी छताकडे बघत होते. त्यांना वाटलं, मी छत तपासतेय. एकदम खूश झाले.

"गळतं," म्हणाले. "त्या कोपऱ्यात. खूण केलीये, दिसली?"

खरंच, पत्र्याखालच्या पट्टीवर एक निळी रेघ ओढलेली होती.

"मग दुरुस्त कधी करणार, काकाजी?" ह्यांनी विचारलं.

काकाजींनी मिशीचं टोक पिळलं. "असं आहे भिया, माझं काम खूण करायचं. दुरुस्तीचं खातं वेगळं."

खोली आम्ही घेतली. ती गळायची. पण गळणार हे आधी सांगणारा घरमालक मला त्याआधी आणि त्यानंतरही भेटला नाही.

मी बुलढाण्याकडची. चौथीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि ह्यांच्यामागून इंदूरला आले. हे गिरणीत कताई खात्यात होते. आमच्या परदेशीपुऱ्यात सगळीकडे गिरणीचीच माणसं, भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर जेवणारी. हिंदी मला बाजारापुरती यायची, तीही भाजीवाली हसेल अशी. काकाजी मराठी बोलायचे, पण तेही माझ्या कानांना वेगळंच लागायचं. "काय पाहून राहिली बाई?", "फालतू टेन्शन घेऊ नको", "चहा भोत कडक झाला" असं, आणि भैयाला भिया. तरी मराठी होतं. तेवढ्यावर मी त्या गळक्या खोलीत जीव रमवला.

काकाजी त्याच गिरणीत फोल्डिंग खात्यात तपासनीस होते. मागावरून उतरलेला कापडाचा ताका त्यांच्या तिरप्या टेबलावरून ओढला जायचा. समोर मोठी खिडकी. उजेडात कुठे धागा तुटलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे गाठ दिसली, की कापडाच्या काठाला निळ्या खडूची रेघ. मग तो ताका दुरुस्तीच्या खात्यात जायचा. तिथून सुधारून आला की परत त्यांच्याच टेबलावर. पुन्हा बघायचं, आणि खोड गेली असेल तर खूण आपल्या हाताने पुसायची. पुसली म्हणजे पास. नाही तर फेल, आणि फेल माल सेकंडमध्ये, म्हणजे कमी भावात. सगळी नोकरी त्यांनी एवढंच केलं होतं, आणि ते गिरणीच्या फाटकाशी थांबवणं त्यांना जमलं नव्हतं.

खिशात खडू कायम. गळक्या नळावर रेघ. खिळखिळ्या पाटावर रेघ. ज्या टेम्पोने आम्ही राजवाड्याला जायचो, त्याच्या पत्र्याला कुठे धार आलेली दिसली की उतरताना तिथे रेघ. टेम्पोवाला ओरडायचा, "ओ दादा, गाडी खराब मत करो!" काकाजी शांतपणे म्हणायचे, "खराब तो पहले से है. मैंने तो बताया." देवळात गेले तर दानपेटीच्या ढिल्या कडीवर रेघ. पुजारी त्यांना प्रसाद लांबूनच द्यायचा.

त्यांच्या बायकोबद्दल शेजारणी सांगायच्या. काकू वारून बरीच वर्षं झाली होती. पोळी करपली, की काकाजी ताटाच्या काठावर रेघ ओढायचे म्हणे. बोलायचे काही नाहीत, पोळीही खायचे. काकूंनी एकदा जेवणं झाल्यावर सगळी ताटं तशीच, न घासता, दारासमोर मांडून ठेवली. "दुरुस्तीचं खातं आज बंद आहे," म्हणाल्या. त्यानंतर काकाजींनी स्वयंपाकघरात खडू नेला नाही. ही गोष्ट त्यांनी स्वतःही मला सांगितली, आणि सांगताना मिशी इतकी पिळली की निळा रंग गालापर्यंत गेला.

माझी सुमी ह्या सगळ्यात कुठे बसते ते सांगते. सुमी आमची एकुलती. सात वर्षांची झाली तरी आई, पाणी, दे, नको, एवढेच तिचे शब्द. चालायची, पण पाय ओढत. हातात वस्तू धरायची नाही, धरली तर सोडायची नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, वाढ हळू आहे, वेगळ्या शाळेत घाला. जवळच्या सरकारी शाळेत नेली तर मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "इसको घर पे ही रखो."

सुमीला एकच वेड लागलं. काकाजींनी खूण केली, की हिने ती पुसायची. तळहाताला थुंकी लावून, अगदी मन लावून. अंगणातल्या पायरीवर रेघ ओढून काकाजी वळतात न वळतात तोच रेघ गायब.

"ए बाई! आधी दुरुस्ती, मग पुसणं!" काकाजी ओरडायचे. "तू काय मालकाची माणूस आहेस काय?"

सुमी हसायची. काकाजी पुन्हा रेघ ओढायचे. ती पुन्हा पुसायची. पुढेपुढे मला दिसायला लागलं, की ते धडधाकट भिंतीवरही रेघा ओढायला लागलेत. मी विचारलं, "काकाजी, इथे काय खोड आहे?" तर म्हणाले, "तुला नाही दिसायची. बारीक आहे."

मग गिरणी बंद झाली. शहरातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडतच होत्या, तरी आपली पडेल असं कोणाला वाटत नाही. फाटकाला कुलूप लागलं. माणसं रोज सकाळी तिथे जाऊन बसायची, जणू कुलूप उघडताना आपण हजर नसलो तर पंचाईत. काकाजीही जायचे. एकदा त्यांनी त्या कुलपावर निळी रेघ ओढली. चौकीदाराने पुसली नाही, कोणीच पुसली नाही.

भोंगा बंद झाला, आणि रिकामं बसून ह्यांच्या डोक्यात गाव घोळायला लागलं. धाकटे दीर शेतावर बोलावत होते. "चल, इथे काय राहिलंय," हे म्हणायचे. गावी सासूबाई वाईट नव्हत्या. पण मागच्या दिवाळीला गेलो, तर पाहुणे आले की त्या सुमीला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावायच्या. "पडते, झडते. तिच्याच भल्यासाठी," म्हणायच्या. सुमी आतून दार खाजवायची, ते मला पाहुण्यांना चहा देताना ऐकू यायचं. गावी कायमचं जायचं म्हणजे ती कडी कायमची. हे मी ह्यांना एकदाच सांगितलं.

"इथे तिला शाळा मिळाली तर राहू," हे म्हणाले. "शाळांचं नवं वर्ष सुरू होईपर्यंत बघू. पण कोणत्याही शाळेत टाकायची नाही पोरीला. आपल्याला काय कळतं त्यातलं? काकाजींना दाखव. काकाजींच्या टेबलावरून गेलेला ताका व्यापारी उघडून बघत नसत. ते पास म्हणाले तर राहायचं. फेल म्हणाले तर गाव."

आता कोणी ऐकलं तर हसेल, की मुलीची शाळा कापडाच्या तपासनिसाने ठरवायची. पण आमच्या वस्तीत तेव्हा कोणी हसलं नाही. गिरणीच्या माणसांना तपासणी म्हणजे काकाजी, एवढंच माहीत होतं. आणि काकाजी? त्यांनी दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घातला, टोपी चढवली, खिशात नवा खडू ठेवला. गिरणी बंद झाल्यापासून इतके ताठ चालताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

त्या दिवसांत शहरात नव्या नव्या खाजगी शाळा निघत होत्या, रंगीत पाट्यांच्या. पहिली शाळा नव्या कॉलनीत. फरशी अशी, की सुमी तिच्यात आपलं तोंड बघत बसली. टेबलामागची मॅडम गोड बोलली. "ऐसे बच्चों के लिए हमारा स्पेशल सेक्शन है." फी ऐकून मी उठायलाच लागले, पण काकाजी म्हणाले, "पहले माल दिखाइए." मॅडमला कळलं नाही. मी घाईघाईने म्हणाले, "वर्ग, वर्ग बघायचाय."

वर्ग मागच्या बाजूला होता. दाराला बाहेरून कडी.

"ये क्यों?" काकाजींनी विचारलं.

"बच्चे निकल जाते हैं ना, इसलिए," शिपाई म्हणाला.

काकाजींनी खडू काढला आणि कडीशेजारी जाड रेघ ओढली. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त गोठलं. आम्ही फाटकापर्यंत पोचलो नाही तोच मी मागे वळून बघितलं. शिपाई ओल्या फडक्याने दार पुसत होता.

"पाहिलंस?" काकाजी म्हणाले. "खूण पुसली. कडी तशीच. फेल."

मला तेव्हा त्यांचे पाय धरावेसे वाटले. कडीबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

पण पुढे फेलच फेल. एका संस्थेत मुलं रांगेत गप्प बसवलेली होती. काकाजींनी बाकाला हात लावला, तर बाक हलला. फेल. एकीकडे बाई मुलांशी बोलायच्या ऐवजी आमच्याशीच बोलत होत्या. फेल. एका ठिकाणी सगळंच बरं होतं, तर काकाजींना पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलेलं दिसलं. फेल. मी म्हणाले, "काकाजी, झाकणच आहे हो." ते म्हणाले, "ताक्यात एकच धागा तुटलेला असतो बाई. गिऱ्हाइकाचा सदरा तिथेच फाटतो."

हे गिरणीच्या फाटकावरून आले की विचारायचे, "आज?" मी मान हलवायची. एकदा ते फार वैतागले होते. काकाजी अंगणात बसले होते, सुमी त्यांनी ओढलेली रेघ पुसत होती. हे म्हणाले, "सगळ्या शाळांवर कशाला रेघा ओढता काकाजी? हिच्यावरच ओढा एक. म्हणजे मोकळे होऊ."

काकाजींनी खडू खिशात ठेवला. मला वाटलं, ओरडतील. ते इतकंच म्हणाले, "ती माझ्या खात्यात येत नाही." आणि चहा तसाच ठेवून आत गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ह्या माणसाने देवाची पेटी सोडली नाही, बायकोची पोळी सोडली नाही. माझ्या मुलीचे वाकडे पाय रोज बघितले, लाळ बघितली, आणि एकदाही खिशाकडे हात नेला नाही.

राजेंद्र नगरची शाळा सगळ्यात शेवटची. शाळा कसली, एक जुना बंगला. चालवणाऱ्या बाई मराठीच. त्यांचा स्वतःचा मुलगा सुमीसारखाच, आता मिसरूड फुटलेला. त्याच्यासाठी म्हणून घरातच सुरू केलेली शाळा. बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं नाही, कारण खुर्चीवर एक मुलगा झोपला होता. "त्याला उठवू नका हं," म्हणाल्या. दारं सताड उघडी. वाळूच्या ढिगापाशी एक मुलगी घमेल्यात वाळू कालवत होती. सुमी माझा हात सोडून सरळ वाळूत जाऊन बसली.

आणि काकाजी कामाला लागले. पायरी फुटलेली. रेघ. झोपाळ्याची साखळी झिजलेली. रेघ. खिडकीची काच तडकलेली. रेघ. ओटीवरचं छत गळकं. रेघ. कुंपणाची तार वर आलेली. रेघ. बाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मी शरमेने अर्धी झाले.

"काय आहे हे?" बाईंनी विचारलं.

"खोडी," काकाजी म्हणाले. "सगळा माल खोडींनी भरलाय. फेल."

घरी येताना टेम्पोत मी पदर तोंडात कोंबून बसले. सुमीच्या मुठीत वाळू होती. धरली होती, आणि घरापर्यंत सोडली नाही.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं. काकाजींनी "फेल" सांगितलं. हे म्हणाले, "मग ठरलं," आणि माळ्यावरून ट्रंक काढली.

मी आयुष्यात कधी काही ठरवलं नव्हतं. शाळा सुटली ती वडिलांनी ठरवली, लग्न मामाने, इंदूर ह्यांनी. पण ट्रंक उघडी बघितली की मला ते दार खाजवणं ऐकू यायचं. चार-पाच दिवसांनी ह्यांना सांगितलं, बाजारात जाते, आणि सुमीला घेऊन एकटी टेम्पोत बसले. टेम्पो बदलताना चुकले, कोणाला नीट विचारताही येईना. "वो राजेंद्र नगर... बच्चों का..." म्हणत पोचले.

बंगल्याच्या फाटकातच मी थबकले. पायरीला नवं सिमेंट होतं, आणि शेजारी निळी रेघ तशीच. झोपाळ्याला साखळीऐवजी जाड दोर होता, पाटावर निळी रेघ तशीच. काचेला कागद चिकटवलेला. कुंपणाची तार आत वाकवलेली. ओटीचं छत मात्र होतं तसंच होतं. त्याच्याखाली एक बादली ठेवली होती.

बाई हात पुसत बाहेर आल्या. "या. तुमचे ते काका नाही आले?" मग छताकडे बघून म्हणाल्या, "ते एवढं राहिलंय. पत्रे आणायचेत. रेघा कोणाला पुसू दिल्या नाहीत मी. त्यांनी केल्यात तर त्यांनीच बघाव्यात, नाही का?"

मला रडू आलं. बाईंना वाटलं, मुलीच्या काळजीने. होतं तेही.

घरी आले तेव्हा काकाजी अंगणात होते, हे ट्रंकेशी. मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काकाजी, दुरुस्त होऊन आलेला माल परत टेबलावर घ्यावा लागतो ना?"

"घ्यावाच लागतो. नियम आहे."

"मग टोपी घाला. राजेंद्र नगरचा माल दुरुस्त होऊन आलाय."

हे काहीतरी बोलणार होते. काकाजींनी हात वर केला. "थांब भिया. नियम आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच गेलो. काकाजी पायरीपाशी उभे राहिले ते उभेच राहिले. गिरणी बंद झाल्यापासून ते शहरभर खुणा करत हिंडले होते. नळ गळत होते, टेम्पोचे पत्रे कापत होते, कुलूप लागलेलं होतं. खुणेमागून दुरुस्ती आलेली त्यांना किती दिवसांनी दिसत होती, देव जाणे. ते वाकले, सिमेंटवर अंगठा दाबून बघितला. झोपाळ्याच्या दोराला लोंबकळून बघितलं, तेव्हा मुलं हसली. खिडकी बघितली. तार बघितली. छताखाली येऊन बादलीत डोकावले.

आम्ही दोघं बाजूला उभे. म्हणजे मी आणि हे. सुमी वाळूत होती.

काकाजी परत पायरीपाशी आले आणि त्यांनी हाक मारली. "सुमे! इकडे ये."

ती पाय ओढत आली.

"आता पूस," काकाजी म्हणाले.

सुमीने तळहाताला थुंकी लावली.

ह्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली. घरी गेल्यावर ट्रंक माळ्यावर गेली. पुढे हे टेम्पो चालवायला शिकले, मी साड्यांना फॉल लावायला लागले, आणि आम्ही इंदूरचेच झालो. ते निराळं. त्या दिवसाचं एक राहिलं. काकाजी निघताना बाईंनी विचारलं, "छताचं काय, काका?"

"खूण राहील. पत्रे बसले की बघू."

"पण पत्रे टाकायला माणूस लागेल."

काकाजींनी मिशी पिळली. "ते... दुरुस्तीचं खातं वेगळं असतं, बाई."

"आमच्याकडे वेगळं नाही," बाई म्हणाल्या. "हातोडी त्या कपाटात आहे."

त्यानंतर काकाजी त्या शाळेत जायला लागले. सकाळी सुमीला घेऊन टेम्पोने जायचे, दुपारी तिच्याबरोबर यायचे. फाटकावर जाणं त्यांनी सोडलं. पण खरं सांगायचं तर दुरुस्तीत त्यांना काही गती नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोडी बघितलेल्या, हातोडी कुठे धरायची ठाऊक नाही. खिळा वाकायचा, बोट सुजायचं. टाकलेला पत्रा पहिल्याच पावसात दुसरीकडून गळला. बाई काही म्हणायच्या नाहीत, बादली सरकवायच्या.

एक दिवस मी सुमीला आणायला गेले होते. काकाजी भिंतीला खुंटी ठोकत होते, मुलांच्या पिशव्यांसाठी. ठोकून झाली, दोन पावलं मागे सरले, आणि अभिमानाने आमच्याकडे बघितलं. खुंटी खाली झुकलेली. अडकवलेली पिशवी हळूच घसरली आणि धपकन पडली.

सुमी उठली. काकाजींच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, खडू काढला. जिच्या हातात चमचा टिकत नव्हता, तिने खडू मुठीत घट्ट धरला आणि खुंटीशेजारी एक वाकडीतिकडी रेघ ओढली. मग काकाजींकडे बघून म्हणाली, अगदी स्पष्ट, "फेल."

काकाजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. मग ते तसेच, हातात हातोडी घेऊन, वर्गावर्गातून धावत सुटले. "बाई! अहो बाई! ऐकलं का? फेल केलं मला! पोरीने फेल केलं!"

परत आले तेव्हा डोळे पुसल्यामुळे सगळा चेहरा निळा झाला होता. त्यांनी खुंटी उपटली आणि पुन्हा ठोकायला घेतली.